आयोडीन नेमके काय मोजते?

क जीवनसत्त्वाची चघळण्याची साधी गोळी तपासायची असेल, तर आयोडीनच्या टायट्रेशनला, म्हणजे ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजण्याच्या पद्धतीला, माझी आजही पहिली पसंती आहे. वीस गोळ्या तोलून खलात बारीक कराव्यात, सुमारे २०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व येईल इतकी पूड उकळून गार केलेल्या पाण्यात आणि सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळवावी, स्टार्च घालावे आणि ब्युरेटमधून ०.०५ मोलर आयोडीन सोडावे. बावीस मिलिलिटरच्या पुढे गेल्यावर प्रत्येक थेंबासरशी निळी छटा उमटते आणि फ्लास्क हलवताच विरते. ज्या थेंबानंतर ती टिकते, तेथे थांबायचे. आयोडीनच्या दर मिलिलिटरमागे ८.८०६ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, इतका हिशेब सरळ आहे.

मात्र आयोडीन जीवनसत्त्व ओळखत नाही, ते केवळ क्षपणशक्ती, म्हणजे इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता, मोजते. हल्ली ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट घातलेल्या गोळ्या वरचेवर तपासणीला येतात, आणि ग्लुटाथायोनही आयोडीन वापरते. गोळीत ते ५०० मिलिग्रॅम असेल, तर केवळ त्याच्यामुळे सुमारे १४३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असल्याचा भास होतो. म्हणजे लेबलवर ४० मिलिग्रॅम लिहिलेल्या गोळीत जीवनसत्त्वाचा कणही नसला, तरी ती उत्तीर्ण ठरेल. ग्राहकाची अशी फसगत आपल्या सहीच्या अहवालातून व्हावी, हे मला अजिबात मान्य नाही.

डायक्लोरोफेनॉल इंडोफेनॉल या निळ्या रंगद्रव्याची पद्धतही जुनी आणि स्वस्त आहे. जीवनसत्त्व त्याचा रंग घालवते आणि ते संपले की आम्लात गुलाबी छटा टिकते, परंतु नारिंगी रंगाच्या गोळीत हा गुलाबी अंत्यबिंदू दिसेनासा होतो आणि फेरस लोहामुळेही रंग उडतो. शिवाय, शरीराला उपयोगी पडणारे डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकृत रूप, या दोन्ही पद्धतींच्या मोजणीत येत नाही.

म्हणून मिश्र घटकांच्या गोळीसाठी मी एचपीएलसीचाच, म्हणजे उच्च क्षमतेच्या द्रव क्रोमॅटोग्राफीचाच, आग्रह धरतो. तेथे घटक यंत्राच्या नळीसारख्या स्तंभातच वेगळे होतात आणि २४५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास ॲस्कॉर्बिक आम्लाचे शिखर, म्हणजे आलेखातला उंचवटा, स्वतंत्र मोजता येते. खर्च अधिक आहे, पण खरी अडचण वेळेची आहे, कारण रांगेत थांबलेल्या नमुन्यातील जीवनसत्त्व हवेतील ऑक्सिजनमुळे घटत राहते. मेटाफॉस्फरिक आम्ल आणि थंड ट्रे यांनी ही घट मंदावते, थांबत मात्र नाही. त्यामुळे सकाळचे प्रमाण द्रावण, म्हणजे ज्ञात प्रमाणात जीवनसत्त्व असलेले द्रावण, मी रांगेच्या शेवटी पुन्हा चालवतो, आणि त्याचे शिखर घटलेले दिसले, तर त्या रांगेतील एकही आकडा अहवालात जाऊ देत नाही.