थांब न बाप्पा

आमच्या नागपुरात ‘बाप्पा’ या शब्दाला दिवसभर उसंत नसते. ‘नाही बाप्पा’, ‘चाल न बाप्पा’, ‘काय ऊन आहे बाप्पा!’ भाजीवाल्याशी घासाघीस करताना बाप्पा, रिक्षावाल्याला वळण सांगताना बाप्पा. माझी जाऊ पुण्याची. लग्नानंतर पहिले काही महिने ती बुचकळ्यात होती. हे लोक दर रविवारी चर्चला जातात, भिंतीवर क्रूस आहे, मग उठता-बसता गणपतीचं नाव का घेतात? तो गणपती नाही, तो आमचा स्वल्पविराम आहे, हे तिला समजावता समजावता मला आजीची आठवण झाली. आजीची अख्खी प्रार्थना याच एका शब्दावर उभी होती.

आजी मूळची खेड्यातली. नागपुरात सदरला येऊन पन्नास वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यातला ‘ळ’ काही परत आला नाही. सकाळी चुलीपुढे, पुढे गॅसपुढे, एकीकडे कणीक मळायची आणि दुसरीकडे देवाशी बोलायची. डोळे मिटणं, हात जोडणं, गुडघे टेकणं असलं काही नाही. गुडघे तर तसेही टेकत नव्हते. सगळ्यांची नावं घेऊन झाली, कोणाचा ताप, कोणाची परीक्षा, कोणाची सासू, हे सांगून झालं की मधेच म्हणायची, “थांब न बाप्पा, पोयी जयून राह्यली.” पोळी उलटायची आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू.

आईला याची फार लाज वाटे. पाळकसाहेब घरी आले की ती आजीला बाहेरच्या खोलीत प्रार्थना करू द्यायची नाही. पाळकसाहेबांची प्रार्थना म्हणजे कशी भरजरी! हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, दयासागर परमेश्वरा, आम्ही अपात्र दीन पापी तुझ्या परमपवित्र चरणी... मी लहानपणी तीच शिकले आणि चांगलीच शिकले. संडेस्कूलमध्ये मला बक्षीस होतं प्रार्थनेचं. आता वाटतं, तो मायना नीट जमलेल्या अर्जासारखा होता. वर महोदय, खाली आपली विश्वासू, मधे विनंती. अर्ज मंजूर व्हायचे, नामंजूर व्हायचे. साहेब कधी खुर्चीतून उठून बाहेर आला, असं काही व्हायचं नाही.

त्याच संडेस्कूलमध्ये एका गुड फ्रायडेच्या आधी गेथशेमाने बागेचा, येशूच्या अटकेच्या रात्रीचा उतारा वाचला होता. मार्कच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय. रात्र आहे, शिष्य झोपलेत, येशूच्या जिवाची तगमग होते आहे, आणि त्याच्या तोंडून निघतं, ‘अब्बा, बापा’. बाईंनी सांगितलं, अब्बा हा अरामी शब्द, येशूच्या घरातल्या बोलीतला. नवा करार लिहिला गेला ग्रीकमध्ये, पण हा शब्द तीन ठिकाणी तसाच ठेवलाय. इथे एकदा, पौलाच्या रोमकरांस पत्रात एकदा आणि गलतीकरांस पत्रात एकदा. माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच आलं की हा तर आजीचा शब्द! एक काना इकडचा तिकडे. घरी येऊन आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “मंग? त्याले काय पुण्याची भाषा येत होती का?”

पुढे कुठेतरी वाचलं की ‘अब्बा’ म्हणजे बोबडं ‘पप्पा’ असं जे हौसेनं सांगतात ते फारसं खरं नाही. मोठी माणसंसुद्धा बापाला तसंच म्हणत. मला ते वाचून उलट बरं वाटलं. लाडात येऊन बोबडं बोलायची गरज नाही. पन्नाशीतल्या बाईनं पन्नाशीतल्या आवाजात हाक मारली तरी चालते.

एक गंमत मात्र मराठीतच आहे. माझ्या बाबांना मी आजही ‘तुम्ही’ म्हणते. आईला ‘तू’. आणि स्वर्गातल्या बापाला? ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’. म्हणजे म्हणायचं पिता आणि बोलायचं आईशी बोलतो तसं. नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्ताला सरळ माउलीच केलं. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस तो, दुसरं काय करणार! त्यांच्या त्या प्रवासात आमच्या नागपूरचाही वाटा आहे, हे सांगायचा मोह मला आवरत नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला होता. १८९५मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. नागपूर स्टेशनवर गाडीची वाट बघताना मला कधी कधी ते उगीच आठवतं.

तर, बाबा. बाबा रेल्वेत होते. कमी बोलणारे. आमच्याशी त्यांचं बोलणं म्हणजे ‘अभ्यास झाला का’ आणि ‘दिवा बंद करा’. नागपूरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, वेगळा सांगायला नको. पारा ४५-४६च्या वर जातो आणि रात्रीसुद्धा भिंती हाताला गरम लागतात. एका खोलीत आम्ही चौघं भावंडं ओळीनं झोपायचो आणि खिडकीत डेझर्ट कूलर. रात्री दोन-अडीचच्या सुमाराला टाकीतलं पाणी संपायचं. कूलरचा आवाज आधी बदलायचा, पाणी ओढायला नसलं की पंप घरघरतो, मग ताट्या वाळून हवा गरम यायला लागायची. मला जाग यायची, पण मी उठायचे नाही. कारण मला माहीत असायचं, आता पावलं वाजतील.

पावलं वाजायची. बादली टेकवल्याचा आवाज, मग टाकीत पडणारी धार. एक बादली, दोन, तीन. वाळ्याचा वास पुन्हा दरवळायचा. पण बाबा लगेच जायचे नाहीत. डोळे किलकिले करून मी बघायचे. ते कूलरपुढे हात धरून उभे राहायचे, गार झाली का हवा ते बघत. मग वाकून एकेकाच्या अंगावर वारा येतोय का, तेही बघायचे. धाकट्याला येत नसेल तर कूलरच्या पट्ट्या थोड्या त्याच्याकडे वळवायचे. मग पुन्हा थोडा वेळ नुसतेच उभे. आम्हाला बघत.

सकाळी याबद्दल कोणी काही बोलायचं नाही. मीही कधी बोलले नाही.

पुष्कळ वर्षांनी, माझ्या एका तपासणीचा रिपोर्ट यायचा होता तेव्हाची गोष्ट. आठ दिवस लागणार होते. तिसऱ्या दिवशीच माझे सगळे अर्ज लिहून संपले. ओळखीच्या, कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरना म्हटलं, मला प्रार्थना येईनाशी झालीय. त्यांनी मला सोळाव्या शतकातल्या संत इग्नेशियसची एक साधी सूचना सांगितली. प्रार्थनेला बसायचं त्या जागेच्या एक-दोन पावलं अलीकडे थांबायचं. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना एकदा म्हणायला लागतो तितकाच वेळ. आणि देव आपल्याकडे कसा बघतोय, एवढंच मनात आणायचं. आपण काही बोलायच्या आधी.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबले, कारण माझी जागा म्हणजे ओट्याजवळचं स्टूल. देव कसा बघतोय? पहिल्यांदा डोळ्यापुढे आले ते तपासनीस. चष्मा, हातात वही. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या की पाचव्या दिवशी, का कोण जाणे, एकदम कूलरपुढे हात धरून उभे असलेले बाबा दिसले. मला वारा येतोय का, ते बघणारे. तोंडातून निघालं, “काय बोलू, बाप्पा?” आणि मग रडूच आलं. काही आवाज ऐकू आला नाही, उजेड पडला नाही. मी फक्त बराच वेळ तिथे उभी होते आणि झोपेचं सोंग घेतलेल्या मुलीसारखं वाटत होतं. जिला वाटतं आपण बघतोय ते कोणाला कळत नाही. रिपोर्ट पुढे ठीक आला. पण हे त्याच्या आधी झालं होतं, म्हणून सांगितलं.

असं रोज होतं, असं कोणी समजू नये. पुष्कळदा मी उंबऱ्यात उभी असते आणि डोक्यात असतो गॅस सिलिंडर. आविलाची संत तेरेसा, तीही सोळाव्या शतकातलीच, प्रार्थनेची तुलना बागेला पाणी देण्याशी करते. आधी विहिरीतून बादलीनं शेंदून घालावं लागतं, हात भरून येतात. मग राहाट येतो. मग पाटाचं पाणी. आणि मग पाऊस, त्यात माळ्याचं कर्तृत्व काहीच नाही. मी बहुतेक दिवस बादलीवरच आहे. पण नागपूरच्या माणसाला बादलीचं काय एवढं!

आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एलियाची गोष्ट मात्र फार आवडायची. राणीच्या भीतीनं पळालेला, जिवाला कंटाळलेला संदेष्टा रानात झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, आता मला मरू दे. देवदूत येऊन त्याला हलवतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा हलवून पुन्हा जेवू घालतात. चाळीस दिवस चालून तो डोंगरावर पोचतो, तेव्हा कुठे देव विचारतो, इथे काय करतोस? आजी म्हणायची, “पाह्य, आंधी दोनदा जेवू घातलं, मंग इचारलं काऊन आला म्हून.” तिच्या लेखी देवाबद्दल याहून जास्त काही कळायची गरजच नव्हती.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. एसीनं हाडं धरतात, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे त्यांच्या खोलीत अजून कूलरच. मागच्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला होते. रात्री अडीचला पंप घरघरला. मी उठले, बादली भरली, आवाज न करता त्यांच्या खोलीत शिरले. अंधारात पलंगावरून आवाज आला.

“कोण?”

“मी. टाकी भरते, तुम्ही झोपा.”

“बटण बंद केलं?”

“हो.”

थोडा वेळ काही नाही. मला वाटलं, लागला डोळा. मी बादली उचलली.

“चप्पल घाल पायात. करंट मारते ते.”

नव्हतीच घातली. बादली खाली ठेवून मी चप्पल आणायला मागे वळले.