आबांनी बैलाचं वय काढलं

टूर मॅनेजरची नोकरी करून आता बरीच वर्षं झाली, पण 2019 च्या मे मधला हेगचा दिवस काही डोक्यातून जात नाही. आमचा युरोपचा ग्रुप, सगळे आपलेच, पुणे सातारा सांगली कडचे. सकाळी मदुरोडम म्हणजे ते छोट्या छोट्या बिल्डिंगांचं गाव बघायचं होतं पण असला पाऊस लागला की अर्ध्या तासात सगळे बसमध्ये परत, पेन्शनर काका रुसलेले, पोरं चिप्स खातायत. मग ज्यांना यायचंय त्यांना घेऊन मी मॉरित्सहाउसला गेले. तळ्याकाठचा जुना वाडाच तो, म्युझियम म्हणून तसं लहान. माझा तिथला प्लॅन दरवेळी ठरलेला, थेट मोत्याच्या कानातल्यावाली मुलगी (व्हर्मीरचं ते फेमस चित्र), फोटो, वॉशरूम, बस.

त्यात सांगलीकडचे एक आबा होते, वय पंचाहत्तरच्या पुढं, मुलानं हौसेनं आणलेले. पॅरिसपासून त्यांचा एकच प्रश्न, बसायला कुठाय. मी मुलीच्या चित्रापाशी डोकी मोजली तर आबा गायब! माझ्या पोटात गोळा. खोल्याखोल्यातून पळत सुटले तर हे पाउलस पॉटर ह्या जुन्या डच चित्रकाराच्या बैलाच्या चित्रासमोर उभे, हात पाठीमागं, मान वाकडी करून, जसं बाजारात जनावर बघतात तसं.

चित्र आहेच तसं. जवळजवळ 3.4 मीटर रुंद, बैल खऱ्या बैलाएवढा. 1647 चं. त्या काळी एवढा मोठा कॅनव्हास म्हणजे राजे, देव, लढाया, आणि ह्या पठ्ठ्यानं त्यावर गोठ्यातलं जनावर उभं केलं. शेजारी गाय बसलेली, मेंढरं, मागं झाडाशी शेतकरी. मी कितीतरी वेळा तिथून गेले होते, "हा फेमस बैल" एवढं म्हणून पुढं.

मी म्हणलं, आबा चला, सगळे थांबलेत. तर आबा म्हणाले, "थांब गं पोरी. ह्येचं वशिंड कुठाय?" मी सांगितलं इकडच्या जातीला वशिंड नसतंच. "आसू दे. पर ह्यो खोंड एक न्हाई. खांदा बघ, भरल्याला, जुळल्याल्या बैलाचा. आन् मागचं पुठ्ठं बघ, कोवळं हाय, आदत खोंडाचं." (आदत म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेला, मग दुसा, चौसा असं वाढत जातं, सगळे दात आले की जुळलेला, हे पण त्यांनीच सांगितलं.) "दोन-तीन जनावरं बघून एक केलंय ह्येनं."

मी नुसती बघत राहिले कारण नेमकं हेच जाणकार लोकांनीही म्हणून ठेवलंय, की पॉटरनं वेगवेगळ्या वयाच्या जनावरांवरून हा बैल जुळवला, खांदे मोठ्याचे आणि मागची बाजू लहान्याची. आबांनी पाच मिनिटात, चष्मा पुसत पुसत!

मग मीच त्यांना बाकावर बसवलं आणि जे माहीत होतं ते सगळं सांगत सुटले, बस गेली खड्ड्यात. की आधी कॅनव्हासवर फक्त बैल होता, मग त्यानंच बाजूनं आणि वरून कापड जोडलं आणि बाकीची मंडळी आत घेतली. की 1795 मध्ये फ्रेंच सैन्यानं हा पॅरिसला नेला आणि 1815 ला परत आला. एकोणिसाव्या शतकात लोक इथं ह्या बैलासाठी यायचे, त्या मोतीवालीला तेव्हा कोणी विचारत नव्हतं, 1881 ला ती दोन गिल्डर (तिकडचं जुनं चलन) तीस सेंटला विकली गेली. तेवढ्यात आबांना बैलावरच्या माश्या दिसल्या आणि गवतातला बेडूक, तो मला तोवर कधीच दिसला नव्हता.

"काढणारा केवढा होता?"

एकवीस-बावीसचा, म्हणलं. बाप पण चित्रकारच. पुढं ॲमस्टरडॅमच्या डॉक्टर टुल्पनी त्याला आधार दिला (त्यांचंच ते प्रेत फाडतानाचं रेम्ब्रांटनी काढलेलं चित्र, तेही ह्याच म्युझियममध्ये). 1654 मध्ये गेला, वय फक्त 28, क्षयानं म्हणतात.

आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "जनावरात बसल्याला दिसतोय गडी. घरात बसून न्हाई सुचत ह्ये." मुलगा हाका मारत आला, आबा चला ती फेमस मुलगी राहिली बघायची. "तिच्याकडं हायत की लोकं" म्हणून आबा हलेचनात. बस चाळीस मिनिटं लेट झाली आणि मला ऑफिसातून शिव्या पडल्या त्या वेगळ्या.

2024 ला म्युझियमनं त्या बैलाचं रिस्टोरेशन काढलं, लोकांच्या समोरच, काचेच्या खोलीत. मी बातमी आबांच्या मुलाला फॉरवर्ड केली. दुसऱ्या दिवशी आबांची व्हॉइस नोट, मागं म्हैस ओरडतेय, "धुवा म्हणावं, पुसा, पर मागचं पुठ्ठं नीट कराया जाऊ नका."