आमची वाटचाल : लिटर, घनमीटर आणि माहितीपुस्तिका

सांगलीतील आमची कंपनी आजही आठ माणसांचीच आहे. गावांच्या पाणीपुरवठा योजनांतील मीटरच्या नोंदी गोळा करून तपासणारी एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड, आम्ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिली आणि पहिल्या दोन ग्राहकांचे काम उरकल्यावर ती एमआयटी परवान्याखाली ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येईल अशी खुली केली. कोड खुला केला की आपली जबाबदारी संपली, अशी तेव्हा माझी समजूत होती. माहितीपुस्तिका म्हणून एक वर्ड फाइल होती. ती लिहिणारा मुलगा पुण्याला नोकरीस गेला आणि फाइल होती तशीच राहिली.

पुढच्या आवृत्तीत आम्ही पाण्याचे एकक लिटरवरून घनमीटरवर, म्हणजे हजार लिटरच्या मापावर नेले. पुस्तिकेत मात्र लिटरच राहिले. काही दिवसांनी एका कनिष्ठ अभियंत्याचा फोन आला, "साहेब, तुमच्या हिशेबानं अख्ख्या गावानं काल ऐंशी लिटर पाणी वापरलंय." जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या निकषाने दीड हजार वस्तीला दिवसाला साडेब्याऐंशी हजार लिटर लागतात, त्यामुळे ही चूक त्याच्या लगेच लक्षात आली. ती इतकी ढोबळ नसती, तर तो आकडा अहवालात गेला असता आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागला नसता.

त्यानंतर वर्ड फाइल मोडीत काढून आम्ही स्फिंक्स या माहितीपुस्तिका तयार करणाऱ्या साधनाकडे वळलो. पायथनची स्वतःची कागदपत्रे पूर्वी लाटेक या छपाईची मांडणी करणाऱ्या प्रणालीत असत. ती नव्या पद्धतीने तयार करण्यासाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी हे साधन घडवले आणि २००८ मध्ये ते सर्वांसाठी उपलब्ध झाले. यात फंक्शनच्या (कोडमधील एकेक काम करणाऱ्या तुकड्याच्या) सुरुवातीलाच लिहिलेले वर्णन, म्हणजे डॉकस्ट्रिंग, थेट पुस्तिकेच्या पानावर येते, त्यामुळे एकक बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच त्याचे वर्णन असते. तरीही माणूस विसरतोच, म्हणून पुस्तिकेतील प्रत्येक उदाहरण डॉकटेस्ट या तपासणी साधनाने चालवून पाहण्याची आणि स्फिंक्सने एक जरी इशारा दिला तरी बिल्ड, म्हणजे पुस्तिका तयार होणेच, अडवण्याची सोय केली. पहिल्या आठवड्यात सहकारी वैतागले होते.

पण आपोआप तयार झालेल्या पानांवर मी गरजेपेक्षा जास्त विसंबलो, हेही कबूल केले पाहिजे. दीडशेच्या आसपास फंक्शने वर्णक्रमाने मांडलेली ती यादी जाणत्याला उपयोगी होती. नव्या माणसाला मात्र पहिली फाइल कोठून उघडावी, हे तिच्यातून कळत नव्हते. ते प्रकरण मी स्वतः लिहायला बसलो. एका मीटरच्या एका दिवसाच्या नोंदींपासून तक्त्यापर्यंतचा तो मार्ग लिहून काढायला मला तीन आठवडे लागले, आणि तसे करताना आमच्याच दोन फंक्शनांची नावे दिशाभूल करणारी आहेत, हे ध्यानात आले.

मूळ लेखन इंग्रजीत असले तरी वापरणारे बहुतेक मराठी होते, म्हणून गेटटेक्स्ट या भाषांतर प्रणालीच्या पीओ फाइलींतून, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या फाइलींतून, भाषांतर सुरू केले. छापील प्रतीने मात्र छळले. लाटेकमधून पीडीएफ बनवणाऱ्या नेहमीच्या पीडीएफलाटेकला देवनागरी पचेना. त्याऐवजी झीलाटेक घेतले, तर लिपी देवनागरी असल्याचे फॉन्टच्या मांडणीत सांगायचे राहिल्याने 'व्यक्ती'तील जोडाक्षरे सुटली आणि 'स्थिती'ची पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली. ती एक ओळ सापडेपर्यंत दोन दिवस गेले.

आता कामाच्या अंदाजपत्रकात आम्ही माहितीपुस्तिकेची रक्कम स्वतंत्र दाखवतो, आणि ग्राहक पहिली कात्री तिलाच लावू पाहतात. मराठी पुस्तिका इंग्रजीच्या मागेच चालते. मूळ वाक्य बदलले की जुन्या भाषांतरावर 'फझी' अशी खूण पडते आणि ते पुन्हा तपासेपर्यंत त्या जागी इंग्रजी वाक्य दिसते. मराठी पानात मध्येच इंग्रजी का येते, अशी तक्रार अधूनमधून होते. खूण असलेली जुनी वाक्येही दाखवण्याची सोय स्फिंक्समध्ये आहे. ती मी मुद्दाम बंद ठेवली आहे, कारण अशाच एका जुन्या वाक्यात लिटर लिहिलेले होते.