पोर्ट आर्थरचा पिम्प सी

टेक्सास राज्याच्या आग्नेय टोकाला, लुइझियानाच्या सीमेलगत आणि मेक्सिकोच्या आखाताजवळ पोर्ट आर्थर नावाचे गाव आहे. १९०१ साली जवळच्या स्पिंडलटॉप टेकाडावर तेल लागले आणि बघता बघता या गावाच्या उशापायथ्याशी तेलशुद्धीकरणाचे प्रचंड कारखाने उभे राहिले. त्यांपैकी सर्वांत मोठा कारखाना आज दिवसाला सहा लाखांहून अधिक बॅरल तेल शुद्ध करतो आणि २०१७ पासून तो पूर्णपणे सौदी अरेबियाच्या अरामको या तेलकंपनीच्या मालकीचा आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये याच अरामकोने आमच्या राजापूर तालुक्यातल्या नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी (रिफायनरीसाठी) सामंजस्य करार केला, तेव्हा रत्नागिरीत घरोघरी दुसरा विषय नव्हता. रिफायनरी आलेले गाव शंभर वर्षांनी कसे दिसते हे जाणून घ्यावे म्हणून मी पोर्ट आर्थरविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि वाचता वाचता त्या गावच्या दोन रॅपरांपाशी येऊन थांबलो. नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, पुढे त्याच प्रकल्पासाठी तालुक्यातल्याच बारसूचा विषय निघाला. ते सारे वाद आपल्या जागी आहेत. मला मात्र तेव्हापासून त्या दोघांपैकी चॅड बटलर या माणसाने सोडलेले नाही.

चॅड लॅमाँट बटलर, म्हणजेच पिम्प सी, याचा जन्म २९ डिसेंबर १९७३ चा. वडील ट्रम्पेट वाजवणारे. आई-वडील विभक्त झाल्यावर आई वेस्लिन हिने बिल मन्रो यांच्याशी लग्न केले आणि हे सावत्र वडील शाळेत संगीत शिकवणारे निघाले. त्यामुळे मुलाच्या कानावर लहानपणापासून जाझ, ब्लूज, सोल आणि चर्चमधले गाणे पडत राहिले. शाळेच्या गायनवृंदात त्याने पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाचे धडे घेतले आणि तो स्पर्धांतही गायला. घरात ड्रम मशीन आले आणि पोराने रॅप सुरू केले, तेव्हा सावत्र वडिलांनी त्याला त्या गोंगाटात थोडे संगीत घालायला सांगितले. पिम्प सी हा सल्ला पुढे मुलाखतींत आवर्जून सांगत असे. माझ्या मते त्याच्या सबंध कारकिर्दीची किल्ली या एका सूचनेत आहे. त्याच्या पिढीतले बहुतेक निर्माते जुन्या तबकड्यांवरचे तुकडे कापून त्यांवर गाणे उभे करीत, आणि तोही ते करी. पण त्यावर तो स्वतः ऑर्गन वाजवी, जिवंत गिटार आणि बेस घाली, आणि मधल्या ओळी स्वतःच्या गळ्यातून गाऊन घेई. आपल्या संगीताला हिप-हॉप म्हणणेसुद्धा त्याला मान्य नव्हते. आपण करतो ती गावाकडची रॅप गाणी, असे तो बजावून सांगे.

त्याचा जोडीदार बन बी, म्हणजे बर्नार्ड फ्रीमन, ह्यूस्टनमध्ये जन्मलेला आणि पोर्ट आर्थरमध्ये वाढलेला. दोघांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अंडरग्राउंड किंग्ज, म्हणजे यूजीके, हा गट बांधला. ह्यूस्टनच्या बाजारात कॅसेटचा गाळा चालवणाऱ्या एका माणसाने त्यांची पहिली कॅसेट १९९२ मध्ये काढली. ती हातोहात खपली आणि त्याच वर्षी जाइव्ह या मोठ्या कंपनीने त्यांना करारबद्ध करून ‘टू हार्ड टू स्वॅलो’ हा पहिला अल्बम बाजारात आणला. १९९४ मध्ये ‘सुपर टाइट’ आला. या सगळ्या काळात कागदपत्रे, कार्यक्रम, पैशाचा हिशेब हे पाहणारी व्यक्ती होती पिम्प सीची आई. अमेरिकेच्या दक्षिणेतले सारे रॅपविश्व तिला ‘मामा वेस’ म्हणून ओळखत असे आणि कार्यक्रम ठरवायचा तर आधी तिच्याशी बोलावे लागे.

त्या काळी रॅपचे दरबार दोनच होते, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस. दक्षिणेतल्या पोरांचे हेल काढून बोलणे तिथे अडाणीपणाचे लक्षण समजले जाई. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार सोहळ्यात दक्षिणेतल्या अटलांटाच्या आउटकास्ट या जोडीला पारितोषिक मिळाले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. पिम्प सीने आपला हेल लपवला तर नाहीच, उलट तो अधिक ताणला. त्याचा आवाज पातळ, किंचित नाकातला. शब्दाचा शेवट तो असा लांबवतो की तालाची मात्रा निसटते की काय असे वाटावे आणि नेमक्या क्षणी तो समेवर येतो. बन बीचा आवाज याच्या अगदी उलट, खर्जातला, एकावर एक चिरा रचावा तसा.

आमच्या जिल्ह्यात ज्यांनी गौरी-गणपतीत शक्ती-तुऱ्याचा सामना रात्रभर बसून ऐकला आहे, त्यांना या जोडीची गंमत वेगळी समजावून सांगायला नको. तिथेही शाहीर समोरच्याला सवाल टाकतो, ढोलकी त्याच्या शब्दाची वाट पाहते, आणि कवनाच्या शेवटी गुरूचे, गावाचे, वाडीचे नाव गुंफल्याशिवाय तो खाली बसत नाही. मुंबईत नोकरीला असलेले चाकरमानी तिथल्या नाट्यगृहांत हेच सामने भरवतात, तेव्हाही तिकीट काढून आलेली माणसे शाहिराकडून गावचीच बोली मागतात. यूजीकेच्या गाण्यांत पोर्ट आर्थरचे नाव असेच पुन्हा पुन्हा येते.

१९९६ च्या जुलैमध्ये आलेला ‘रायडिन डर्टी’ हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम, याविषयी मला शंका नाही. एकही व्हिडिओ न काढता तो बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या खपाच्या यादीत पंधराव्या स्थानापर्यंत गेला, केवळ दक्षिणेतल्या श्रोत्यांनी एकमेकांना सांगून. त्यातले ‘वन डे’ हे गाणे मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. आयझली ब्रदर्सच्या जुन्या गाण्याचा तुकडा संथपणे वाहत राहतो, वर गिटार रेंगाळते, आणि आज आहे तो उद्या नसेल एवढीच गोष्ट हे दोघे आणि एक पाहुणा रॅपर आपापल्या परीने सांगतात. पिम्प सीची पाळी येते तेव्हा तो एका मित्राविषयी बोलतो, ज्याचे लेकरू घराला लागलेल्या आगीत गेले. त्या रात्री गुडघे टेकून प्रार्थनेला बसलेला पिम्प सी देवालाच विचारतो की खुनी माणसे जगतात आणि माझ्या मित्राचे पोर तू का नेलेस. आवाज चढत नाही, ताल थांबत नाही, प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ज्या माणसाचे नाव (पिम्प म्हणजे वेश्यांचा दलाल) आणि पेहराव पाहून लोक त्याला निव्वळ छचोर समजत, त्याने हे लिहिले आहे.

रिफायनरीच्या शोधात मी या गाण्यांपर्यंत आलो खरा, पण माझ्या ऐकण्यात ती त्यांत जवळपास कुठेच नाही. तिथे आहेत ती कारखान्याच्या कुंपणापलीकडची, काम नसलेली, गल्लीत गांजा-कोकेन विकणारी आणि त्यापायी तुरुंगात जाणारी पोरे. दिवसाला लाखो बॅरल तेल गावातून जाते आणि ही पोरे तिथेच राहतात, हे मला कुठल्याही प्रकल्प अहवालात वाचायला मिळाले नव्हते.

मग न्यूयॉर्कचे बोलावणे आले. तिथला बडा रॅपर जे-झी याच्या ‘बिग पिम्पिन’ या गाण्यात यूजीकेला घेण्यात आले आणि २००० साली ते जगभर वाजले. पिम्प सीला मुळात ते गाणे करायचे नव्हते. संगीत-निर्माता टिम्बालँडचा तो चकचकीत ताल आपला नाही, आपले श्रोते काय म्हणतील, ही त्याची धास्ती होती. बन बीने समजूत घातल्यावर त्याने जेमतेम आठ ओळी दिल्या. चित्रीकरण त्रिनिदादला होते, तिथे तो गेला नाही. त्याचा भाग नंतर मायामीत चित्रित झाला. मायामीच्या उकाड्यात तो फरचा जाड कोट घालून उभा राहिला आणि बन बीने विचारले तेव्हा टीव्हीवर उकाडा दिसत नाही असे त्याने सांगितले. त्या आठ ओळी आजही अनेकांना तोंडपाठ आहेत.

पण यशाचा फायदा उठवण्याआधीच तो आत गेला. आधीच्या एका मारामारीच्या प्रकरणात त्याला सशर्त मोकळीक मिळाली होती, तिच्या अटी मोडल्याबद्दल २००२ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. यानंतरची चार वर्षे बन बीने जे केले त्याला दोस्तीच्या इतिहासात जागा मिळायला हवी. ज्याने बोलावले त्याच्या गाण्यात तो गेला, आणि जाईल तिथे पिम्प सीला सोडा ही मागणी करीत राहिला, जेणेकरून आत असलेल्या माणसाला बाहेरची दुनिया विसरणार नाही. ३० डिसेंबर २००५ रोजी पिम्प सी सुटला.

२००७ च्या ऑगस्टमध्ये दोघांचा ‘अंडरग्राउंड किंग्ज’ हा जोडअल्बम आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात आउटकास्टबरोबरचे ‘इंटरनॅशनल प्लेयर्स अँथम’ आहे. विली हच यांच्या १९७३ च्या गाण्यातल्या स्वरांवर आउटकास्टमधला आंद्रे ३००० ढोलाविना बोलत जातो, लग्नाला उभ्या राहिलेल्या माणसाचे मनोगत सांगतो, आणि ते संपताक्षणी पिम्प सीचा आवाज व ढोल एकदम कोसळतात. दक्षिणेला अडाणी म्हणणाऱ्यांच्या देशात ते त्या वर्षातल्या सर्वांत गाजलेल्या रॅप गाण्यांपैकी एक ठरले.

४ डिसेंबर २००७ रोजी वेस्ट हॉलिवूडमधल्या हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय ३३. कोडीन आणि प्रोमेथाझिन असलेल्या खोकल्याच्या औषधाचा परिणाम आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार, ही दोन्ही कारणे एकत्र आली असे तपासणीत निघाले. हेच औषध शीतपेयात मिसळून पिण्याची ह्यूस्टनकडे चाल पडली होती आणि ती गाण्यांतून मिरवली जात होती. यूजीकेही त्यात होते. ही गोष्ट झाकून त्याचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही. त्याच्या गाण्यांत बायकांविषयी जी भाषा येते तीही मला अजिबात मान्य नाही, आणि तिचे समर्थन करण्यासाठी काळाचा किंवा परिस्थितीचा हवाला द्यावा असे वाटत नाही. ‘वन डे’ लिहिणारा माणूस तेही लिहीत होता, हे मला मान्य करावे लागते आणि दर वेळी खटकते.

मामा वेस २०१३ मध्ये गेल्या. बन बी आजही काम करतो. २०११ पासून ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात त्याने एका प्राध्यापकाबरोबर धर्म आणि हिप-हॉप हा विषय शिकवला, आणि २०१७ मध्ये हार्वी वादळाने पोर्ट आर्थर पाण्याखाली घातले तेव्हा मदतनिधीसाठीचा टीव्हीवरचा कार्यक्रम उभा करण्यात तो पुढे होता.

ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी ‘बिग पिम्पिन’पासून सुरुवात करू नये. ‘रायडिन डर्टी’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता ऐकावा. शब्द कडक आहेत, तेव्हा घरात लहान मुले नसताना ऐकलेले बरे. पहिल्यांदा बोली कळणार नाही. तेव्हा शब्दांच्या मागे न लागता खालचा ऑर्गन ऐकावा, कारण तो वाजवणारा आणि वर बोलणारा माणूस एकच आहे.