गुलाबी बूट आणि एकत्र शिजलेली बिअर

बिअर बनवणे हे पुरुषांचेच काम, ही समजूत मला नेहमी खटकत आली आहे. कारण सुमेरियन लोकांची बिअरची देवता निंकासी ही स्त्री होती आणि हॉप्समुळे (बिअरमध्ये घालतात त्या एका वेलीच्या फुलांमुळे) पेय टिकते, याची नोंद 12व्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन मठवासिनीने करून ठेवली आहे. टेरी फॅरेनडॉर्फ यांनी 2007 मध्ये अमेरिकेत स्थापन केलेली पिंक बूट्स सोसायटी ही बिअर व्यवसायातील स्त्रियांची संघटना मला म्हणूनच जवळची वाटते. दरवर्षी 8 मार्चच्या सुमारास तिच्या सदस्या ठिकठिकाणच्या ब्रुअरींमध्ये जमून एकत्र बिअर बनवतात आणि विक्रीतून येणाऱ्या रकमेचा काही भाग शिष्यवृत्त्यांसाठी देतात.

मला त्यातले प्रत्यक्ष काम अधिक मोलाचे वाटते. सुमारे 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) मुरत असताना, किंवा उकळत्या अर्कात हॉप्स केव्हा घालावेत (लवकर घातल्यास कडवटपणा वाढतो, उशिरा घातल्यास सुगंध टिकतो) याची चर्चा रंगलेली असताना, एरवी आपल्या ब्रुअरीत एकटीच स्त्री असलेली नवखी ब्रुअर अनुभवी मैत्रिणींकडून जे शिकते, ते पुस्तकातून सहसा हाती लागत नाही. माल्टची पोती उचलण्यापासून टाक्या घासण्यापर्यंतची कामेही त्या मिळूनच करतात.