न दुखणारा चट्टा

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माणूस येतो तो काहीतरी दुखते म्हणून. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात वैद्यकीय अधिकारी असताना, ऐन कापणीच्या दिवसांत, आशाताई सातवीतल्या एका मुलीला तिच्या आईसह घेऊन आल्या, तेव्हा आईचा पहिला प्रश्न रास्तच होता, "पोरीला काहीच त्रास नाही, मग मजुरी बुडवून आणलं कशाला?"

कुष्ठरोग शोधमोहिमेत घरोघरी फिरताना आशाताईंना मुलीच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा फिकट चट्टा दिसला होता. त्याला खाज नव्हती, आग नव्हती; जंत झाले असतील असे समजून घरच्यांनी तो सोडून दिला होता.

मी मुलीला डोळे मिटायला सांगितले आणि पेनाचे टोक हातावर हलकेच टेकवत गेलो. जिथे स्पर्श कळेल तिथे तिने बोट ठेवायचे होते. मनगटावर तिचे बोट अचूक पडले, दंडावरही पडले. चट्ट्याच्या मध्यभागी मी तीनदा टोक टेकवले आणि ती डोळे मिटून, पुढच्या स्पर्शाची वाट पाहत तशीच बसून राहिली. आई समोरच उभी होती. तिला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

कोपरामागची नस डाव्या बाजूच्या मानाने सुतळीसारखी जाड लागत होती. बोटे सरळ ठेवून करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये केसपेपरचा कपटा धरायला सांगितला, तेव्हा डाव्या हातातून तो ओढून काढावा लागला, उजव्यातून मात्र नुसता निसटला. खोदून विचारल्यावर कळले की महिनाभरापासून तिचे अक्षर बिघडले होते आणि त्यापायी ती घरात बोलणी खात होती.

तो एक महिना मला फार मोलाचा वाटला. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत शिरतात. नस नुकतीच दुखावलेली असेल, विशेषतः सहा महिन्यांच्या आत, तर प्रेडनिसोलोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडने बोटांतली शक्ती परत येण्याची चांगली आशा असते, पुढे ती आशा झपाट्याने मावळत जाते. जंतू मारणारी बहुविध औषधे जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ सालीच सुचवली आणि आपल्याकडे ती मोफत मिळतात. परंतु मेलेली नस ती औषधे जिवंत करत नाहीत.

लहान मुलाला हा आजार झाला की घरात शोधावे लागते, म्हणून दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. आजोबा अंगणात बसले होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या जाडसर आणि चकचकीत झाल्या होत्या, डाव्या हाताची दोन बोटे आत वळलेली होती आणि त्याच हातावर बिडीने भाजल्याचे जुने व्रण होते. किती वर्षे झाली, असे विचारल्यावर ते म्हणाले, "दुखेच नाई साहेब, त दवाखान्यात जाव कायले?"

या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही. ज्या जिल्ह्यात बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले, तिथेही हा आजार आता संपला असे लोकांना वाटते. डिसेंबर २००५ मध्ये देशाने 'निर्मूलन' गाठले, त्याचा अर्थ दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण एवढाच होता, हे सांगायला आपण कमी पडलो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजोबांना सांसर्गिक प्रकारासाठी बारा महिन्यांचे उपचार सुरू केले, मुलीला असांसर्गिक प्रकारासाठी सहा महिन्यांचे. शिवाय तिला वजनानुसार प्रेडनिसोलोन, हळूहळू कमी करत नेलेले. आजोबांपासून पुढे कुणाला लागण होण्याचा धोका औषधांनी संपला, पण बोटे वळलेलीच राहिली. चुलीवरचे भांडे उचलताना हाताला फडके गुंडाळायला आम्ही त्यांना शिकवले.

मुलगी दर महिन्याला नवे पाकीट घ्यायला येई आणि पहिली मात्रा आमच्यासमोर घेई. दर वेळी मी तिच्या बोटांत कागद धरायला देत असे. पाचव्या पाकिटाच्या दिवशी मी तो नेहमीसारखा ओढला, तिने सोडला नाही, जरा जोर लावला तर तो मधोमध फाटला आणि अर्धा तुकडा तिच्या करंगळीपाशी तसाच राहिला.