तुम्ही विचारलंत म्हणून: सफाळं का सोडत नाही?

ऑफिसात नवीन कुणी आलं की आठवड्याच्या आत विचारतंच. "मॅडम, तुम्ही सफाळ्याहून येता? रोज?" सफाळं म्हणजे पालघर जिल्ह्यातलं, विरारच्या पुढे डहाणूच्या वाटेवरचं आमचं गाव. आणि लगेच पुढचं, "मग निदान विरारला तरी घर का नाही घेत?" इतकी वर्षं मी "सवय झालीय" म्हणून विषय मिटवत आले. ऑगस्ट 2024 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, डहाणूजवळ, वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि तेव्हापासून हीच माणसं उलटं विचारायला लागली. "तुमच्याकडे काय शांत आहे हो! एखादा एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉट असला तर सांगा ना." आधी कीव, आता हेवा. दोन्ही ऐकून कान किटले आहेत, म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते.

शांतता आहे, खरंच आहे. रविवारी केळव्याच्या समुद्रावर जाताना तुम्हाला जी दिसते, ती खोटी नाही. पण ती कशी आहे ते कामाच्या दिवशी दुपारी बाराला बाजारात उभं राहून बघा. म्हातारी माणसं, शाळेतून सुटलेली पोरं, दुकानात पेंगणारा एखादा मुलगा. कमावतं माणूस दिसणार नाही. ते सगळं पहाटेच गाडीत बसून गेलेलं असतं. संध्याकाळी लोकल लागली की रिक्षा स्टँडवर गलका होतो, भाजी घेतली जाते, दूध घेतलं जातं, आणि तासाभरात पुन्हा सामसूम. गाव शांत आहे कारण आम्ही गावात नसतो. हे बोलून दाखवलं की लोकांना तक्रार वाटते. तक्रार नाही. रात्री जेवून ओटीवर बसलं की बेडकांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नाही, आणि ते मला हवं असतं.

गाडीबद्दलही तुम्हाला अर्धंच माहीत असतं. एप्रिल 2013 मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली. त्याआधी विरारपर्यंत लोकल आणि पुढे शटल, नाहीतर पॅसेंजर. विरारला एक गाडी सोडून दुसरी पकडायला जिना धावत चढलेल्या बायका आजही डब्यात आहेत, गुडघ्यांवरून ओळखू येतात. आणि विरारच्या पुढे आजही दोनच रूळ. त्याच दोन रुळांवरून गुजरातच्या, राजस्थानच्या, दिल्लीच्या गाड्या, मालगाड्या आणि आम्ही. मागून मेल आली की आमची लोकल बाजूला उभी. विरार ते डहाणू 64 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम चालू आहे, खाडीवर नवे पूल होत आहेत. ते होईल तेव्हा होईल.

डब्यातलं जग मात्र माझं आहे आणि त्याबद्दल कुणी हळहळलेलं मला चालत नाही. पहाटेच्या गाडीत भाजीवाल्या बायका टोपल्या घेऊन चढतात. त्यांतली एक मला वर्षानुवर्षं शेवग्याच्या शेंगा देते, जुन्या साडीच्या चिंधीने बांधलेली जुडी. पैसे कधी आज, कधी पुढच्या आठवड्यात. संध्याकाळी मांडीवर पेपर पसरून वालाच्या शेंगा सोलायच्या, टरफलं पिशवीत भरायची. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाच्या नवऱ्याचं बायपास झालं, सगळं आधी डब्यात कळतं, मग गावात.

आता मुद्द्याचं. वैतरणेची खाडी. सफाळं ते विरार रुळाने जेमतेम 16-17 किलोमीटर. पण खाडीवर पूल आहेत ते रेल्वेचे. दोन पुलांच्या मधल्या वाढीव नावाच्या बेटावरची माणसं वर्षानुवर्षं त्या पुलांच्या कडेने चालत गाडी पकडायला जातात, आणि त्यांतली काही त्यातच गेली. आम्हाला निदान रस्ता आहे, पण तो आधी उलटा पूर्वेला जातो: तांदुळवाडीचा घाट, पारगाव, वरई फाटा, मग हायवेने खानिवडे, शिरसाड फाटा आणि तेव्हा कुठे विरार. पन्नास-साठ किलोमीटरचा वळसा. 2025 पासून आमच्या बाजूच्या जलसारहून विरारच्या बाजूला रो-रो, म्हणजे गाड्याही चढवता येणारी, बोट सुरू झाली, त्याने फार सोय झाली. पण बोट रात्रभर नसते.

2019 च्या पावसाळ्यातली रात्र. दीडच्या सुमाराला सासूबाईंनी हाक मारली. नाना, म्हणजे माझे सासरे, खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. एक हात छातीवर, बनियन घामाने अंगाला चिकटलेली. "काही नाही, गॅस आहे," म्हणाले. चेहऱ्याचा रंग बघून कुणाला गॅस वाटला नसता. यांनी गावातल्या डॉक्टरांना उठवलं. ते आले, गोळी जिभेखाली ठेवली, म्हणाले, विरारला न्या, आत्ता. रुग्णवाहिका आधीच एका बाळंतिणीला घेऊन गेलेली. शेवटची लोकल कधीच गेली होती, पहाटेची यायला तीन-चार तास. मग आळीतल्या ईको व्हॅनवाल्याला फोन. तो पलीकडच्या पाड्यावर झोपायला गेला होता. "येतो, येतो" म्हणाला.

आमचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. गाडी यायला लागली की फडताळातली भांडी आधी वाजतात. भांडी वाजली. गाडी न थांबता धडधडत गेली. नानांनी डोळे मिटूनच सांगितलं, "अप." म्हणजे मुंबईकडची. नाना गिरणीत होते. 1982 च्या संपात नोकरी जाईपर्यंत शटलने विरार आणि तिथून परळ असंच त्यांचं आयुष्य गेलेलं, गाडी आवाजावरून ओळखायचे. थोड्या वेळाने पुन्हा भांडी वाजली. "मालगाडी," म्हणाले. मग आणखी एक अप. ईकोवाला येईपर्यंत दोन गाड्या आमच्या दारावरून विरारकडे गेल्या. त्यातली कुठलीही पंधरा-वीस मिनिटांत पोचली असती. मी उंबऱ्यात उभी होते. पाऊस पडत होता आणि डब्यांच्या खिडक्यांतला उजेड अंगणातून सरकत जात होता. आत माणसं झोपलेली असणार.

घाटात माती वाहून रस्त्यावर आली होती. ईकोवाला मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा. एका हाताने काच पुसत दुसऱ्या हाताने गाडी चालवत होता. नानांचं डोकं माझ्या मांडीवर, पाय यांच्या मांडीवर. पारगाव मागे टाकलं तेव्हा नानांनी विचारलं, "वैतरणा आलं?" त्यांच्या हिशोबात ते गाडीतच होते. मी "आलं" म्हणाले. खानिवड्याच्या टोलनाक्यावर ट्रकांची रांग. पोराने उतरून पावसात प्रत्येक ट्रकवाल्याला हात जोडले आणि त्यांनी वाट करून दिली. एकानेही नाही म्हटलं नाही. विरारला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते.

नाना दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तास-दीड तास आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता." यांनी ते मान्य केलं. मला ते आजवर मान्य करता आलेलं नाही आणि खोडताही आलेलं नाही. आता सांगा, चहाच्या टेबलावर कुणी "विरारला का नाही घेत घर?" असं सहज विचारलं, तर मी काय म्हणू?

तेराव्यानंतर हेच म्हणाले, "विकू या. वाडीही विकू. आईला घेऊन विरारला जाऊ." नाही म्हणाले ती मी. लालबागच्या चाळीतून लग्न होऊन इथे आलेली मी. दोन वर्षं काढायची आणि मग वसईला नाहीतर विरारला जायचं, असं तेव्हा मैत्रिणींना छातीठोकपणे सांगून आले होते. त्या मुलीशी माझं अजून भांडण चालतं. ती म्हणते, तू अडकलीस. मी म्हणते, नाही, मी राहिले. ती म्हणते, त्या रात्रीनंतरही? तिथे मी गप्प होते, मग पुन्हा सुरू करते. नानांनी गिरणी गेल्यावर याच वाडीत वाल लावले, केळी लावली, चार माणसं जगवली. त्यांच्याबरोबरचे काही जण नालासोपाऱ्याला गेले. जुलै 2018 मध्ये तिथे रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या, तेव्हा तेही घरात गुडघाभर पाण्यात होतेच. हे बोलले की मलाच वाटतं, दुसऱ्याच्या अडचणीचा मी माझ्या बाजूने पुरावा करतेय. नालासोपाऱ्यात रात्री दीडला रिक्षा तरी मिळते.

लेक आता अंधेरीला नोकरीला लागली आहे. तिथेच मैत्रिणींबरोबर खोली बघते आहे. परवा तिने विचारलं, "आई, तू बाबांना नाही म्हणालीस ते नानांच्या वाडीसाठी, की तुझ्यासाठी?" मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, "मग आजीला रात्री काही झालं तर?" तिला चुकीचं ठरवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तरी या वर्षीही वाल लावले आहेत आणि घर विकायचं नाही हेही तेवढंच खरं आहे.

प्लॉट विचारणाऱ्यांना मात्र एक सांगते. रविवारी गाडी काढून, एजंटबरोबर, उन्हाळ्यात येऊ नका. जुलैत या, संध्याकाळच्या डहाणू लोकलने, विरारची गर्दी उतरून गेल्यावरही उभं राहून. उतरल्यावर भाव विचारायच्या आधी शेजारी कोण राहतं ते विचारा, आणि त्याच्याकडे गाडी आहे का, आणि रात्री तो कुठे झोपतो.